रुसायला हक्काचं माणूस लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या एका मुलींच्या बालगृहात तुम्ही आठ महिन्यांपूर्वी समुपदेशक म्हणून रुजू झालात. पंधरा वर्षांची एक मुलगी हळूहळू तुमच्याशी बोलायला लागली. मग भावाच्या लग्नासाठी तुम्ही पंधरा दिवस रजेवर गेलात. परत आलात तर ती तुमच्याकडे बघायलाही तयार नाही. चित्रकला स्पर्धेचं प्रमाणपत्र तिनं तुमच्यासमोर फाडलं आणि म्हणाली, "माझ्यात काही नाहीच." अधीक्षक मॅडम म्हणाल्या, "म्हणून सांगते, मुलींना लळा लावू नका." आता जवळीक ठेवायची की अंतर, आणि या मुलीचा आत्मसन्मान वाढवायचा तरी कसा, हे तुम्ही विचारताय.

बावीस वर्षं पुणे आणि आसपासच्या बालगृहांत, निरीक्षणगृहात आणि काही पालककुटुंबांबरोबर, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांबरोबर, काम केल्यावर माझं उत्तर असं आहे: लळा लावा. मात्र जेवढा निभावता येईल तेवढाच, आणि निभावायचा कसा हे आधी शिकून घ्या. दुसरं म्हणजे, पंधरा दिवसांत काही बिघडलं असं समजू नका. ती तुमच्यावर रुसली आहे.

'रुसणं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. मूल परक्यावर रागावेल, चिडेल, शिवी देईल, पण रुसणार नाही. रुसायला हक्काचं माणूस लागतं, कुणीतरी समजूत काढायला येईल असा विश्वास लागतो. आपल्याकडे घराघरांत मुलं रुसतात, जेवणाचं ताट सरकवतात, आणि आजी म्हणते, "असू दे, येईल थोड्या वेळानं." त्या थोड्या वेळात मूल दाराआडून बघत असतं, कोण येतंय ते. तुमची मुलगी तुमच्याकडे बघत नाही, पण तुम्ही खोलीत असताना ती खोलीत असते का? जेवायच्या रांगेत तुमच्या आसपासच घुटमळते का? हे बघा. मला वाटतं, घुटमळत असणार. प्रमाणपत्र तिनं बाथरूममध्ये किंवा मैत्रिणींपुढे फाडलं नाही, तुमच्यासमोर फाडलं.

मानसशास्त्रात या गोष्टीचा अभ्यास फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेल्या मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाकडून अहवाल मागवला, तो १९५१ साली आला. अन्न, कपडे, स्वच्छता मिळूनही, टिकून राहणारं एक जवळचं माणूस नसेल तर मूल आतून खंगतं, हे त्यात ठामपणे मांडलं गेलं. पुढे त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं. आई मुलाला अनोळखी खोलीत सोडून काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते, एवढंच. आई गेल्यावर मूल किती रडतं याला त्यांनी फार महत्त्व दिलं नाही. आई परत आल्यावर ते काय करतं, हे पाहिलं. काही मुलं धावत जाऊन बिलगतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात, पण शांत होत नाहीत, आईला मारतात, ढकलतात. आणि काही वळूनही बघत नाहीत, खेळण्यात गुंग आहेत असं दाखवतात. ही तिसऱ्या प्रकारची मुलं किती शहाणी, असं बघणाऱ्याला वाटतं. पण पुढच्या संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेलेच निघाले. आत सगळं पेटलेलं असतं, फक्त दाखवून उपयोग नाही हे ते मूल शिकलेलं असतं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत परत आलेली ती व्यक्ती तुम्ही होतात. तिनं पाठ फिरवली आणि वर प्रमाणपत्रही फाडलं, म्हणजे तिच्यात दोन्ही सुरू आहेत, दाखवू नये आणि दाखवावंही. हे वागणं नुसतं पाठ फिरवण्यापेक्षा मला आशेचं वाटतं.

आता आत्मसन्मानाकडे येते, कारण तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत आणि माझ्या मते ते एकच आहेत. लहानपणी जवळच्या माणसांच्या वागण्यावरून मूल मनात एक ठोकताळा बांधतं. त्याला दोन बाजू असतात. मी हाक मारली तर कुणी येईल का, ही एक. ज्याच्यासाठी कुणी यावं असा किंवा अशी मी आहे का, ही दुसरी. पहिल्याचं उत्तर वारंवार 'नाही' आलं की मूल दुसऱ्याचं उत्तर स्वतःच लिहून टाकतं. आई आली नाही, कारण ती आजारी होती, दारू पिणाऱ्या नवऱ्याच्या तावडीत होती, तिच्याकडे बसभाड्याला पैसे नव्हते, यातलं काही सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला एकच कारण सुचतं: माझ्यात काही नाही. तुमच्या मुलीनं म्हटलेलं वाक्य तेच आहे आणि ते पंधरा दिवसांत तयार झालेलं नाही. तुमच्या रजेमुळे ते फक्त तोंडावर आलं.

म्हणूनच "तू किती छान चित्र काढतेस" असं दहा वेळा सांगून ते वाक्य पुसलं जात नाही. तिचा आक्षेप तिच्या चित्रावर नाहीच.

हे मी स्वतः एका चुकीतून शिकले. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका संस्थेत देणगीदारांसाठी कार्यक्रम होता. दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेल्या एका मुलाला मी व्यासपीठावर बोलावलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "आई-वडिलांचं छत्र नसताना या मुलानं हे यश मिळवलं." टाळ्या झाल्या. मुलगा खाली उतरला आणि दिसेनासा झाला. तासाभरानं तो पाण्याच्या टाकीमागे सापडला. शाल अजून खांद्यावर होती, नारळ मांडीवर. मला म्हणाला, "ताई, तुम्ही माझे मार्क नाही सांगितले. मला आई नाही, ते सांगितलं." आणि त्याची आई होती. येरवड्याच्या मनोरुग्णालयात होती, त्याच्या फाइलमध्ये ते लिहिलेलंही होतं. मी वाचलेलं होतं. तरी माईक हातात आल्यावर मी त्याची आई पुसून टाकली, कारण कार्यक्रमाला तसं वाक्य शोभत होतं. त्याची माफी मागायला मला चार दिवस लागले. तेही लगेच करायला हवं होतं.

संस्थेतल्या मुलांचा आत्मसन्मान अशा छोट्या-छोट्या ठिकाणी झिजतो. पुण्यात बालगृहात वाढदिवस साजरा करायला लोक आवडीनं येतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मुलांच्या जागी बसून बघा. दर आठवड्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या, श्रीखंड-पुरी खायची, प्रार्थना म्हणायची, एका ओळीत उभं राहून फोटो काढायचा. आणि स्वतःचा वाढदिवस? ज्यांच्या जन्माची नोंद नाही अशा कितीतरी मुलांच्या कागदावर १ जून ही तारीख असते. एका बालगृहात एकोणीस मुलींचा वाढदिवस १ जूनला असायचा आणि एकच केक यायचा. तिथल्या एका गृहमातेनं प्रत्येकीला विचारलं, "तुला कुठला दिवस हवा?" कुणी नागपंचमी घेतली, कुणी संस्थेत आली तो दिवस. एकीनं भाऊबीज घेतली, कारण भाऊ दुसऱ्या संस्थेत होता आणि त्या दिवशी तो भेटायला यायचा. कागदावरची तारीख तशीच राहिली. पण त्या-त्या दिवशी त्या गृहमातेनं फक्त त्या मुलीला सकाळी उठवताना "आज तुझा दिवस" म्हणायचं, एवढंच ठरलं. याला खर्च शून्य आला.

भावाचा उल्लेख आलाच आहे, तर सांगते. आपल्या व्यवस्थेत मुलाला किती वेळा उपटून लावलं जातं, याचा हिशेब कुणी एकत्र मांडत नाही. सहा वर्षांपर्यंत शिशुगृह, मग बालगृह. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे, म्हणून भावंडं फुटतात. वयोगट बदलला की संस्था बदलते, जिल्हा बदलला की संस्था बदलते. त्यात गृहमातांची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर, समुपदेशकाचीही बहुधा तशीच. तुमच्या मुलीच्या फाइलमधले सगळे आदेश एकदा समोर पसरा आणि ती किती दारांतून गेली ते मोजा. मग तिला सांभाळणारी किती माणसं सोडून गेली, ते मोजा. माझ्याकडे आलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी हे केलं, तेव्हा आकडा सतरावर गेला. अशा मुलाला "तू मोकळेपणानं बोलत का नाहीस?" असं विचारण्यात अर्थ नसतो.

रुमानियातला एक अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. २००० साली बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान मुलं निवडली गेली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी झाली. निम्मी मुलं खास तयार केलेल्या पालककुटुंबांत गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेतीन वर्षांच्या वयाला पाहिलं, तर कुटुंबात गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांत सुरक्षित बंध दिसला, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसावर विसंबून शांत होणं त्यांना जमत होतं. दुसऱ्या गटात पाचातल्या एकातही पुरता नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांना जास्त फायदा झाला, हेही दिसलं. पण हा शेवटचा मुद्दा लोक असा सांगतात की जणू दोन वर्षांनंतर सगळं संपलं. तीच मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांचं पालकघर मध्येच मोडलं नाही, ज्यांना एका घरात टिकू दिलं गेलं, त्यांच्यात मानसिक त्रास कमी होता. आपल्या हातात असलेली गोष्ट हीच आहे, टिकू देणं. पंधराव्या वर्षीही.

मोठ्यांच्या बाबतीतही एक दिलासा देणारी गोष्ट माहीत आहे. ज्यांचं बालपण तुटलेलं होतं, पण पुढे एखादं माणूस टिकलं आणि ज्यांना आपली गोष्ट सलग, काही न लपवता सांगता येऊ लागली, अशी माणसं नात्यांत पुष्कळ स्थिर होतात. म्हणून मी गोष्टीवर फार काम करते. एक प्रसंग सांगते, तपशील थोडे बदलून.

तेरा वर्षांची मुलगी होती. फाइलमधला तिचा पहिला फोटो सात वर्षांचा, संस्थेत दाखल झाली त्या दिवशीचा: उवांमुळे केस बारीक कापलेले, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी फ्रॉक, मागे भिंतीवरचं कॅलेंडर. तिनं मला विचारलं, "याच्या आधी मी नव्हते का?" अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीची परवानगी काढली आणि केसवर्कर, मी आणि ती, अशा तिघी सकाळच्या गाडीनं दौंडला गेलो, तिथून वडापनं तिच्या गावाला. घर पडलेलं होतं. शेजारी बदललेले. मला वाटलं, आणून चूक केली. मग अंगणवाडीत गेलो. तिथली मदतनीस खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं मान वर केली, मुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू ती ना गं, खिचडीतले शेंगदाणे वेचून आधी खायचीस?"

परतीच्या गाडीत त्या मुलीनं तीनदा विचारलं, "तिनं खरंच ओळखलं का हो मला? तुम्ही आधी फोन नव्हता ना केला?" फोन केला नव्हता. रात्री जेवताना ती बाकीच्या मुलींना सांगत होती, "मी लहानपणी शेंगदाणे वेचून खायची." त्या वाक्यातला 'लहानपणी' हा शब्द तिनं त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. त्यानंतर तिच्यात जो फरक पडत गेला, तो माझ्या दोन वर्षांच्या समुपदेशनानं पडला नव्हता. कुणीतरी आपल्याला मनात ठेवलं होतं, तेही कौतुकासाठी नाही, बक्षीस मिळवलं म्हणून नाही, एका खोडीसाठी.

तुमच्या संस्थेत आत्मसन्मान मोजायला प्रश्नावली वापरतात, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा मॉरिस रोझेनबर्ग यांची दहा विधानांची असेल. ती १९६५ मध्ये किशोरवयीनांसाठीच तयार झाली, पाच विधानं सरळ, पाच उलटी, म्हणजे स्वतःला कमी लेखणारी. साधन चांगलं आहे, पण आपल्या मुली ती कशी भरतात ते शेजारी बसून बघा. एकीनं माझ्यासमोर सगळ्या चांगल्या-चांगल्या खुणा केल्या, कागद दिला आणि दारातून परत येऊन विचारलं, "हे अधीक्षक मॅडम वाचणार?" मी नाही म्हटल्यावर कागद मागून घेतला आणि चार उत्तरं खोडली. उलट्या विधानांत 'नाही'ला 'असहमत' म्हणताना भाषेचाही गोंधळ होतो. म्हणून गुण काढण्यापेक्षा ते दहा मुद्दे गप्पांसाठी वापरा. आणि 'आत्मसन्मान कमी' असं फाइलमध्ये लिहू नका. ते वाक्य पुढे प्रत्येक अहवालात नकलून जातं आणि एक दिवस मुलगी ते वाचते.

एका मुद्द्यावर माझं मत अनेकांना पटत नाही. ओरडणाऱ्या, प्रमाणपत्रं फाडणाऱ्या मुलींपेक्षा मला गोड, समजूतदार, सगळ्यांना मदत करणाऱ्या मुलींची जास्त काळजी वाटते. पाहुण्यांना पाणी देणारी, लहान मुलींच्या वेण्या घालणारी, कधीच काही न मागणारी. 'आमची आदर्श मुलगी' म्हणून तिलाच पुढे करतात. तिनं स्वतःची किंमत उपयोगी पडण्यावर लावलेली असते. अठरा वर्षांची होऊन बाहेर पडली की पहिल्या गरजू माणसाच्या हाती ती सगळं सोपवते, बहुतेक वेळा एखाद्या मुलाच्या हाती, आणि मग निरोप येतो तो वाईटच. तिला 'नाही' म्हणायला शिकवणं हे आत्मसन्मानाचं मोठं काम आहे. आज वेण्या घालायच्या नाहीत, आज तू बस, असं कुणीतरी तिला म्हणावं लागतं. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडणाऱ्या, "काका, परत कधी येणार?" म्हणणाऱ्या मुलांबद्दलही तेच. लोकांना ते प्रेमळ वाटतं, पण कोण आपलं आणि कोण परकं हा भेद न जमणं ही जखम असते. हिंजवडीच्या कंपन्यांमधून रविवारी बसभर लोक एका दिवसासाठी येतात. मी त्यांना सांगते, वीस जण एकदा येण्यापेक्षा तुमच्यातला एकच जण वर्षभर दर दुसऱ्या शनिवारी या.

अधीक्षक मॅडमवर रागावू नका. त्यांनी तुमच्यासारख्या दहा-बारा जणी येताना आणि जाताना पाहिल्या आहेत. गेल्यावर रात्री रडणाऱ्या मुली त्यांनीच सांभाळल्या आहेत. बाकीच्या मुलींची असूया, 'तिलाच का' ही भांडणं, तीही त्यांच्याच दारात येतात. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, उपाय मला पटत नाही. लळा लागू न देणारी संस्था मुलांना तुटण्यापासून वाचवत नाही, जोडायचं कसं ते शिकू देत नाही एवढंच. त्यांच्याशी भांडण्याऐवजी एक काम दोघी मिळून करा. प्रत्येक मुलीला एकटीला विचारा, "इथं तुझं कोण आहे?" मोठ्या माणसांपैकी एक नाव. मी हे जिथे-जिथे केलं, तिथे सगळ्यांत जास्त वेळा स्वयंपाकाच्या मावशींचं नाव आलं. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला पाळीच्या दिवसांत चहा लागतो, हे त्यांना पाठ असतं. कधी वॉचमन काकांचं आलं. ज्या मुलींना एकही नाव सांगता येत नाही, त्यांची यादी करा. वैयक्तिक काळजी योजनेच्या नमुन्यात शिक्षण, आरोग्य वगैरे सगळं भरतो, त्यातच हे नाव लिहा आणि त्या माणसाची बदली किंवा रजा ही त्या मुलीसाठी घटना आहे असं धरून चाला. सगळ्यांचा लळा तुम्ही एकट्यांनी लावायचा नाही. तुम्हाला तो पेलणारही नाही.

तुमच्या मुलीबद्दल आता. पहिलं, माफी मागा, एकदाच आणि नेमकी. "मी जाणार हे तुला आधी नीट सांगितलं नाही, परत कधी येणार ते सांगितलं नाही, हे माझं चुकलं." लग्न होतं, जावं लागलं, हे स्पष्टीकरण जोडू नका. "तू माझ्यावर रागावलीस का?" असं विचारू नका, ती नाही म्हणेल. मग गप्प बसा. तिच्या शेजारी काहीतरी हातानं करा, मेथी निवडा, वह्यांना कव्हर घाला. किशोरवयीन मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, बाजूला बसून बोलतात.

दुसरं, वेळ बांधून घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता मी या खोलीत असते. ती आली नाही तरी तुम्ही तिथे बसा, पूर्ण तास. तीन-चार आठवडे ती येणार नाही, दारावरून जाईल. ती खोली रिकामी आहे का ते बघते आहे. पुढच्या रजेच्या आठवडाभर आधी तिच्या कॅलेंडरवर दोन्ही तारखा तिच्याच हातानं लिहून घ्या, मधल्या एका ठरलेल्या दिवशी संस्थेच्या फोनवर फोन करा, आणि काहीही झालं तरी त्या दिवशी करा.

तिसरं, जे निभावता येणार नाही ते बोलू नका. "मी कायम तुझ्यासोबत आहे", "मला आईच समज", ही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका. तिला आई असेल. बालगृहातल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान आजी नाहीतर मामा असतो. आईची जागा घेऊ पाहणाऱ्या माणसावर मूल मनातून चिडतं, ती आई कशीही असो. सगळं गुपित ठेवेन असंही वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराबद्दल तिनं काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि हे तिला आधीच माहीत असायला हवं.

चौथं, तिच्या हातात निवड द्या. आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून पहिली निवड एकदा तिची. किल्ली तिच्याकडे राहील अशी पेटी. मुलींनी आपलं म्हणणं मांडायची बाल समिती नियमांत आहेच. तुमच्याकडे ती कागदावरच असेल तर चालू करा, आणि मुलींनी मागितलेली एखादी गोष्ट खरंच होऊ द्या, मग ती रविवारी उशिरा उठण्याची का असेना. माझ्या शब्दाला इथं वजन आहे, हे मूल अशानं शिकतं. कौतुक करायचंच तर बारीक करा: "तू या झाडाच्या सावलीत निळा रंग वापरलास, तो का?" इतकं लक्ष देऊन बघितलेलं मुलीला कळतं.

तिच्या घराची बाजूही पुन्हा तपासा. फक्त गरिबीमुळे ती संस्थेत असेल, तर महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिना ४,००० रुपये अशी मदत आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. एखाद्या आजीला किंवा मावशीला एवढा आधारही पुरतो. घरी जाणं शक्यच नसेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची तरतूद आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला घर देणारी कुटुंबं कमी मिळतात, आणि मिळाली तर त्यांना आधी सांगावं लागतं: नव्याचे नऊ दिवस संपले की ही मुलगी तुम्हाला तपासेल, खोटं बोलेल, "मला परत पाठवा" म्हणेल, आणि नेमकी तेव्हाच पाठवू नका. अठरानंतरचं आताच बोलायला लागा. अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, काही बाबतीत तेविसाव्यापर्यंत. आई-वडील दोघेही नसलेल्या मुलांसाठी राज्यात २०१८ पासून शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, त्याला प्रमाणपत्र लागतं आणि ते शेवटच्या महिन्यात धावपळ करून मिळत नाही.

हातावर ब्लेडच्या खुणा, जेवण टाळणं, रात्र-रात्र जागणं किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा दिसली, तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक रात्रीही चालतो.

पुण्यात हे काम नवं नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे जन्मलेल्या, एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, आपलं म्हटलं, शिकवलं. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या ती त्याच्याच दवाखान्यात. गृह काढलं म्हणून त्यांची आठवण ठेवतात ते योग्यच आहे. मला मात्र मुलींशी काम करताना तो दुसरा भाग जास्त आठवतो: त्या घरातल्या एका मुलाला कुणीतरी 'हा आमचा' म्हणाले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

राहिलं ते फाटलेलं प्रमाणपत्र. तुकडे तुम्ही उचलून ठेवलेत असं लिहिलंय, ते बरं केलंत. चिकटवू नका, लॅमिनेट करून तिला भेट तर मुळीच देऊ नका. एका पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि तुमच्या कपाटात ठेवा. तिला सांगायला जाऊ नका. कधीतरी, कदाचित सहा महिन्यांनी, ती सहज विचारल्यासारखं विचारेल, "ते टाकलंत ना तुम्ही?" तेव्हा पाकीट काढून तिच्या हातात द्या.